नाटकाचा तास तुमच्याकडे आलाय? संहिता आधी कपाटात ठेवा

जूनमध्ये शाळा उघडते, वेळापत्रक लागतं आणि स्टाफरूममध्ये कुणीतरी सहज म्हणतं, "यंदा नाटकाचं तुम्हीच बघा." हे वाक्य ज्यांच्या वाट्याला पहिल्यांदा आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्या वाट्याला आलं तेव्हा मी बडोद्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला इतिहास शिकवत होते. नाटकाचा अनुभव म्हणाल तर दांडिया बाजारातल्या गणपतीत दोन एकांकिकांमध्ये केलेली मोलकरीण.

पहिल्या वर्षी मी सगळे करतात तेच केलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात चौदा पानी संहिता वाटली, भूमिका ठरवल्या आणि "पाठ करून या" म्हणाले. मुलांनी पाठ केलीसुद्धा. डिसेंबरमध्ये रंगमंचावर एकाने दुसऱ्याचं वाक्य म्हटलं, दुसऱ्याने घाबरून तिसऱ्याचं, आणि सात जण एका रांगेत माइककडे तोंड करून उभे राहिले, जणू वर्गाचा फोटो काढायचाय. पालकांनी टाळ्या वाजवल्या. पालक वाजवतातच. पण त्या सहा महिन्यांत एकाही मुलाने समोरच्याचं बोलणं ऐकलेलं नव्हतं. तेव्हापासूनचा माझा नियम असा की दिवाळी होईपर्यंत संहिता कपाटाबाहेर काढायची नाही.

आधी मुख्याध्यापकांकडून तीन गोष्टी मागून घ्या

जोडतास, मोकळी जागा आणि मोजकी मुलं. पस्तीस मिनिटांच्या एका तासात बाकं सरकवण्यातच दहा मिनिटं जातात, म्हणून आठवड्यातून एकदाच मिळाला तरी चालेल, पण जोडतास मागा. जागा म्हणून सभागृहच हवं असं नाही. बाकं भिंतीला लावलेला वर्ग सभागृहापेक्षा बरा, कारण तिथे आवाज घुमत नाही. मुलं तीसपर्यंत असावीत. साठांचा वर्ग अंगावर आलाच तर अर्धे करतील आणि अर्धे बघतील, मात्र बघणाऱ्यांना काम द्या: "कोण कुणाकडे बघत नव्हतं ते लिहा."

"अभ्यासाचं काय?" हा प्रश्न येणारच. बडोद्यात त्याला एक उत्तर हाताशी आहे. अभिनवगुप्ताच्या भाष्यासह भरतमुनींचं नाट्यशास्त्र याच शहरातून, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये, 1926 पासून खंडाखंडाने छापलं गेलं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या, सूरसागर तलावासमोरच्या संगीत-नाट्य विभागाचं मूळ 1886 मधल्या सयाजीराव महाराजांच्या गायनशाळेपर्यंत जातं. एवढं ऐकल्यावर बहुतेक मुख्याध्यापक जोडतास देतात. न दिला, तर शुक्रवारचा शेवटचा तास मागा. तो कुणालाच नको असतो.

वर्षाची आखणी पंचांग बघून करा

पुण्या-मुंबईच्या पुस्तकातली आखणी इथे चालत नाही. नवरात्रात गरबा असतो, मुलं रात्री एकला घरी येतात आणि सकाळी वर्गात डोळे मिटून बसतात. त्या नऊ दिवसांत तालीम ठेवणं म्हणजे स्वतःचा अपमान करून घेणं. मग सहामाही परीक्षा, मग दिवाळीची तीन आठवड्यांची सुट्टी. उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, 14 जानेवारीला, पण नाताळ उलटला की मुलांचं निम्मं मन गच्चीवर गेलेलं असतं. त्यानंतर दहावी-बारावीचं वातावरण. म्हणजे खऱ्या तालमीला मिळतात दिवाळीनंतरचे पाच-सहा आठवडे, आणि प्रयोग डिसेंबरच्या शेवटी. जून ते सप्टेंबर हा काळ खेळांचा.

पहिले चार तास: चालणं, थांबणं, बघणं

पहिल्या दिवशी भाषण देऊ नका. गोल करा आणि एक खूण ठरवा. माझ्याकडे एक जुनी खंजिरी आहे. ती वाजली की जिथे असाल तिथे गोठायचं, बोलणं मध्येच तोडायचं. तीस मुलांच्या मोकळ्या वर्गात शिक्षकाचा घसा वाचवणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

मग चालायला सांगा. खोलीत कुठेही रिकामी जागा दिसली की ती भरायची, कुणाला धक्का लागता कामा नये. थोड्या वेळाने वेग बदला. उन्हात डांबरावर अनवाणी चाला, परीक्षेचा निकाल हातात घेऊन चाला, आजीला आधार देत चाला. स्टॅच्यू, शिवाजी म्हणतो, विषामृत हे खेळ मुलांना आधीच येतात. बाहेरून काही आणायची गरज नाही, फक्त खेळ संपल्यावर विचारा: "शिवाजी म्हणतो मध्ये बाद का झालात?" उत्तर येतं, "ऐकलं नाही." बस, तेवढंच हवं असतं.

दुसऱ्या-तिसऱ्या तासाला आरसा घ्या. जोडीजोडीने समोरासमोर उभं राहायचं, एक हलेल तसा दुसरा हलेल. वेग इतका कमी ठेवायचा की बघणाऱ्याला कोण पुढे आणि कोण मागे ते कळू नये. आठवी-नववीत मुलगा-मुलगी जोडी लावायची घाई नको. हसण्यातच तास जातो आणि एखादीला उगाच अवघड होतं. जोड्या त्यांच्या त्यांना निवडू द्या, आपोआप मिसळतात.

चौथ्या तासाला एक वस्तू गोलात फिरवा. मी पतंगाची रिकामी फिरकी फिरवते. प्रत्येकाने ती फिरकी नसून दुसरं काहीतरी आहे असं वापरून दाखवायचं, बोलायचं नाही. लाटणं, दुर्बीण, तान्हं बाळ होतंच. एकदा एका मुलीने ती नुसती कानाशी धरली आणि फोनवर पलीकडचं ऐकत राहिली, ऐकता ऐकता खाली बसली. वर्ग गप्प. अभिनय म्हणजे काय, हे मला त्या वर्षी वेगळं सांगावं लागलं नाही.

आवाज

नवीन शिक्षक पहिल्याच दिवशी "मोठ्याने बोला" म्हणतात आणि मुलं ओरडायला लागतात. मोठ्याने आणि लांबवर हे वेगळं आहे. वर्गाच्या शेवटच्या कोपऱ्यात एकाला उभं करा, त्याला ऐकू आलं नाही की त्याने फक्त हात वर करायचा. बोलणारा आपोआप श्वास घेऊन, शब्दाचं शेवटचं अक्षर न गिळता बोलू लागतो. "काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले" हे हळूपासून भराभर म्हणवून घ्या. हिंदी घरातून आलेल्या मुलांचा 'ळ' इथे अडखळतो, गुजराती मुलांचा अडत नाही आणि त्याचा त्यांना फार अभिमान वाटतो.

एक सांभाळायचं. तेरा-चौदाच्या मुलांचा आवाज फुटत असतो. वाक्याच्या मध्ये चिरका सूर निघाला की वर्ग हसतो आणि तो मुलगा पुढचे दोन महिने तोंड उघडत नाही. मी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून टाकते की हे होणार आहे, कुणाचं आज, कुणाचं दिवाळीत. आणि अशा मुलाला किंचाळण्याचं काम देत नाही.

थांबलेलं चित्र

इथून नाटक सुरू होतं. पाच-सहा जणांचा गट, एक जागा, दहापर्यंत मोजणी. मोजणी संपली की त्या जागेचं चित्र गोठलेलं दिसलं पाहिजे. जागा ओळखीच्या द्या: दिवाळीच्या आदल्या संध्याकाळचा बडोद्यातला लहरीपुरा दरवाजा, स्टेशनवर गाडी चुकलेलं कुटुंब, उत्तरायणाची गच्ची. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलने अशा गोठलेल्या चित्रांमधून मोठमोठ्या माणसांना आपल्यावरच्या अन्यायाबद्दल बोलतं केलं. आपण गच्चीपासून सुरू करू.

चित्र जमलं की एकेकाच्या खांद्याला हलकेच हात लावायचा. हात लागला की त्याने मनातलं एकच वाक्य बोलायचं. आमच्या गच्चीवर चार जणांनी "काइपो छे" (कापला रे!) असा गलका केला. मग मी मागे फिरकी धरून उभ्या असलेल्या मुलाला हात लावला. तो म्हणाला, "मला कधीच पतंग देत नाहीत." त्या वर्षीचं आमचं नाटक याच वाक्यातून निघालं.

प्रसंग उभा करणं, आणि कुठली भाषा?

चित्र हलू लागलं की प्रसंग होतो. मुलांना चारच प्रश्न द्या: कोण आहे, कुठे आहे, त्याला काय हवंय, ते कोण देत नाहीये. चौथा प्रश्न गाळला तर प्रसंग चहा पिण्यात संपतो. तयारीला पाच मिनिटं, सादरीकरणाला दोन. जास्त वेळ दिला की मुलं वाक्यं ठरवायला बसतात.

पहिले काही प्रसंग सगळ्यांचे सारखेच असतात: दारुडा बाप, थप्पड, ॲम्ब्युलन्स. वैतागू नका, टीव्ही आधी बाहेर पडावा लागतो. दोन नियम मात्र ठाम ठेवा. मारामारी प्रत्यक्षात होणार नाही, आणि अंगाला हात लावायचा असेल तर तो आधी ठरवून, समोरच्याच्या होकाराने.

भाषेचा प्रश्न बडोद्यात पहिल्याच तासाला येतो. एकाच वर्गात घरी मराठी बोलणारा, घरी गुजराती बोलणारी आणि भोपाळहून बदली होऊन आलेल्या कुटुंबातला मुलगा, असे तिघे असतात. माझं मत स्पष्ट आहे: तालमीत प्रत्येकाने घरची भाषा बोलावी. आजी मराठीत रागावेल, दुकानदार गुजरातीत उत्तर देईल, आणि मध्ये कुणीही भाषांतर करणार नाही. आपल्या घरी तरी कोण करतं? एका गटाने शाळेतल्या पाहुण्यांचा प्रसंग केला. पाहुणे हिंदीत घोषणा करतात, "हर बच्चे को शिक्षा मिलेगी," आणि मागे बसलेली मराठी आजी नातवाचा हात धरून उठते, "चल रे बाळा, काय केलंस तू?" विनोद जुनाच आहे, पण त्या मुलांनी तो कुठेही वाचलेला नव्हता, त्यांना तो सापडला होता. शुद्ध भाषेचा आग्रह पहिल्या दिवशी धरला असता तर ती आजी वर्गात आलीच नसती.

शिक्षकाने स्वतः टोपी घालायची

हा भाग नव्यांना सगळ्यात अवघड जातो आणि मला सगळ्यात आवडतो. बाजूला उभं राहून सूचना देण्याऐवजी शिक्षकच एक पात्र होऊन आत शिरतो. इंग्लंडच्या डोरोथी हीथकोट या शिक्षिकेने ही पद्धत रूढ केली. तिचा हेतू नाटक बसवण्याचा नसायचा, मुलांनी प्रश्न आतून बघावा हा असायचा.

मी हे इतिहासाच्या तासाला जोडते. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. ही माहिती पाच मिनिटांत सांगते. मग म्हणते, "ही काळी टोपी डोक्यावर असेपर्यंत मी सरकारी तपासनीस. काढली की मी तुमची बेन." मुलं गावकरी. मी हजेरीचा जाड रजिस्टर काखेत मारून वर्गात येते आणि खुर्चीवर न बसता विचारते, "तुमच्या गावातून सात नावं गैरहजर आहेत. कुणाच्या पोरी?"

दोन मिनिटं हसणं होतं. तपासनीस हसत नाही. मग कुणीतरी पुढे येतं. एकदा नववीतली एक मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दंड भरीन साहेब. पण ही गेली तर धाकट्याला कोण सांभाळणार, तुम्ही?" तपासनिसाकडे उत्तर नव्हतं. नसलेलंच बरं असतं. या खेळात शिक्षकाने जिंकायचं नाही, अडकायचं. पंधरा मिनिटांनी टोपी काढा, गोलात बसा आणि विचारा की आज आपल्या गल्लीत घरी कोण राहतं आणि का. पाठ्यपुस्तकातली दोन ओळींची नोंद त्या वर्गाला परीक्षेनंतरही आठवत होती.

पहिल्यांदा करताना पोटात गोळा येतो. उच्चार बदलायची, दाढी लावायची काही गरज नाही. टोपी आणि रजिस्टर पुरे.

आपल्या मातीतला खजिना

रंगमंच नाही म्हणून अडलेल्या शाळांनी भवाई हे गुजरातचं लोकनाट्य बघावं. चौदाव्या शतकात उंझ्याच्या असाइत ठाकरांपासून ही परंपरा सांगितली जाते. प्रेक्षक भोवती, नट मध्ये, भुंगळ ही तांब्याची लांब तुतारी वाजली की वेश, म्हणजे एकेक छोटं नाट्य, सुरू. नायक सूत्र धरतो आणि रंगलो हा विदूषक मध्ये मध्ये त्याची टोपी उडवतो. मराठी मुलांना मी म्हणते की हा तमाशातल्या सोंगाड्याचा मावसभाऊ. वर्गाचे दोन गट करून रंगलो आणि सोंगाड्या यांना एकाच बसथांब्यावर भेटवा आणि बाजूला व्हा.

एकट्याने गोष्ट सांगण्यासाठी माणभट्ट, म्हणजे आख्यानं गाऊन सांगणारा गुजराती कथेकरी. सतराव्या शतकातला आख्यानकवी प्रेमानंद आपल्याच बडोद्याचा. माणभट्ट हातात अंगठ्या घालून माण नावाच्या तांब्याच्या घड्यावर ताल धरतो आणि एकटाच राजा, राणी, वादळ, सगळं होतो. आपला कीर्तनकारही तेच करतो, त्याच्यामागे झीलकरी असतात एवढंच. एका मुलाला स्टीलचा हंडा द्या आणि घरातली खरी गोष्ट तीन मिनिटांत सांगायला लावा. बाकीचे वीस जण झीलकरी: पाऊस, गाडी, कुत्रा, शेजारीण सगळं तोंडाने. ज्यांना "मला नाटक येत नाही" असं वाटतं, ती मुलं इथे हमखास उघडतात.

आता संहिता

दिवाळीनंतर. वर्षभरातले दोन-तीन चांगले प्रसंग निवडा, ते पुन्हा करून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा आणि अक्षर चांगलं असलेल्या दोघांना लिहायला बसवा. मग निम्मं कापा. मुलांनी बोललेले शब्द जपा, स्वतःचे सुविचार घुसडू नका. मला हा मोह दरवर्षी होतो. वीस मिनिटांचं नाटक शाळेला भरपूर झालं.

छापील नाटक करायचंच असेल तर हक्कांचं भान ठेवा. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे असतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शाळेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या, शाळेचे लोक आणि पालक यांच्यापुरत्या प्रयोगाला सवलत आहे. बाहेरच्या स्पर्धेला किंवा तिकीट लावून करणार असाल तर लेखी परवानगी काढा.

भूमिका वाटताना "हिरो कोण होणार?" असं विचारू नका. प्रसंगात जे पात्र ज्याने जन्माला घातलं, बहुधा ते त्याचंच असतं. मुख्य पात्रं दोन-दोन मुलांना शिकवा, कारण डिसेंबरात ताप हमखास येतो. अडखळत बोलणाऱ्या मुलाला परस्पर पडद्यामागे पाठवू नका, त्यालाच विचारा. आमच्याकडचा असा एक मुलगा हंडा घेऊन बसला आणि तालावर अजिबात अडखळला नाही. तसं प्रत्येकाचं होईल असा दावा नाही.

तालीम

शाळेच्या रंगमंचाची रुंदी-खोली टेपने मोजा आणि वर्गात तेवढाच चौकोन खडूने आखा. नाहीतर मोठ्या खोलीत बसवलेलं नाटक प्रयोगाच्या दिवशी एकमेकांच्या पायात येतं. पहिल्या आठवड्यात हातात कागद चालेल, दुसऱ्यात नाही. वाक्य विसरलं तर प्रॉम्प्टरची वाट न बघता आशय स्वतःच्या शब्दांत बोलायचं. चार महिने खेळलेल्या मुलांना हे जमतं, आणि तिथेच कपाटातल्या संहितेचं व्याज वसूल होतं.

बोलणारा एक असेल तर बाकीच्यांनी ऐकायचं, म्हणजे खरोखर ऐकायचं, पुतळा व्हायचं नाही. रांग दिसली की मी खंजिरी वाजवते. संध्याकाळच्या तालमीची पालकांना चिठ्ठी द्या, मुली असतील तेव्हा शिक्षिका हजर हव्यात, कपडे बदलायला वेगळी खोली हवी. यात सवलत नाही.

प्रकाश आणि कपडे यांवर जीव टाकू नका. सगळ्यांना काळा टी-शर्ट आणि एक ओढणी, टोपी किंवा काठी. जरीचे भाड्याचे पोशाख मुलांना खाजतात आणि नाटकालाही. माइक हातात देऊ नका, पुढे खाली दोन ठेवा किंवा वर टांगा. साउंडवाल्याला रंगीत तालमीला बोलवा, त्याचे तेवढे पैसे जास्त द्यावे लागले तरी द्या.

गुण कसे द्यायचे?

अभिनयाला देऊ नका. मी वहीत तारखेनिशी एवढंच लिहिते: आज कोण पहिल्यांदा बोललं, कोणी दुसऱ्याला वाचवलं, कोण वेळेवर आलं. मुलंही तासाच्या शेवटी तीन ओळी लिहितात. शाळेला श्रेणी हवीच असेल तर यातून निघते.

पालक विचारतील, पुढे काय? केंद्र सरकारचा कला उत्सव 2015 पासून नववी ते बारावीच्या मुलांसाठी आहे, पदवीला शहरातच विद्यापीठ आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची मुलांसोबत काम करणारी तुकडी 1989 पासून आहे. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे प्रयोग लागले की वर्गाला घेऊन जा. गेल्यावर एकच काम द्या: रंगमंचावर जो बोलत नाहीये, त्याच्याकडे बघत राहायचं.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी देऊ नका. सामान मोजून परत करा, खडूचा चौकोन पुसा आणि मुलांना गोलात बसवून विचारा, काल कोण अडकलं आणि त्याला कुणी सोडवलं. माझ्या वर्गात गेल्या वेळी या प्रश्नावर अर्धा तास भांडण झालं. तिघांचं म्हणणं होतं, "मीच सोडवलं."